दोन नंबर

आधी जमिनीवर चालायचं.
सकाळी सव्वासहाला, धावपट्टीच्या कडेला,
आम्ही चौघं हात पसरून
तिरक्या रांगेत, पाच-पाच पावलांवर.
उदगीरकर सर तोंडाने इंजिन होतात,
"डावीकडे... वळतोय... आता."
चार पोक्त माणसं एकदम डावीकडे झुकतात.
गेटवरचा गांगुर्डे पहिल्या दिवशी हसला होता.
आता तो चहा झाकून ठेवतो.

एक नंबर मुश्ताक कोकणी.
त्याचं गाड्यांच्या बॉडीचं गॅरेज,
पत्रा कुठे दबलाय ते तो डोळे मिटून, बोटाने सांगतो.
दोन नंबर मी. मी भूल देते. एकवीस वर्षं.
आई म्हणाली, "इतकं शिकलीस
आणि दोन नंबरचे धंदे?"

दोन नंबरने क्षितिज बघायचं नसतं.
दिंडोरीचे मळे, कागदात गुंडाळलेले घड,
रामशेज कुठल्या बाजूला राहिला, काही नाही.
बघायचा फक्त त्याच्या पंखाच्या टोकाचा दिवा
आणि तो विमानाच्या अंगावरच्या तिसऱ्या अक्षरावर
टिकलीसारखा बसलेला ठेवायचा.
घसरला, किंचित पॉवर.
पुढे आलीस, किंचित कमी.
हात कधीच स्थिर नसतो.
स्थिर ते खालून दिसतं.

मंगळवारी सरांबरोबर लूप.
गंगापूरचं धरण डोक्यावर आलं
आणि फरशीवरून एक बेदाणा उठला,
कुणाच्या खिशातला, कुठल्या हंगामातला,
माझ्या नाकासमोर थांबला,
मग वर गेला, म्हणजे खाली, म्हणजे...
"त्याच्याकडे नको," सर म्हणाले, "बाहेर बघा."
उतरताना ओढ.
गाल गळ्यात, पोट खुर्चीत,
डोळ्यांच्या कडांनी राखाडी आत सरकू लागली.
मांड्या आवळा, श्वास धरा, बोलत राहा!
मी उलटे आकडे मोजले.
शंभर. नव्याण्णव.
किती हजारांना मोजायला लावलेत मी,
ते कुठल्या वाटेने जातात ते कधी पाहिलं नव्हतं.
अठ्ठ्याण्णव.

आज तिसऱ्या वळणावर मुश्ताक सूर्यात शिरला.
दिवा नाही. अक्षर नाही. पंख नाही.
पांढरा उजेड,
आणि त्या उजेडात तीस फुटांवर कुठेतरी एक विमान.
यासाठी एकच वाक्य शिकवलंय:
दोन, दिसत नाही.
म्हणायला एक सेकंद लागतो.
मी म्हटलं नाही.
वाटलं, आत्ता दिसेल.

(असंच वाटलं होतं एकदा.
रात्रीचे अडीच, हातात नळी,
घशात स्वरतंतू दिसेनात.
शेजारच्या खोलीत सीनियर झोपलेले, हाक मारली असती तर.
आत्ता दिसेल. आत्ता दिसेल.
त्या माणसाचं आडनाव मला पाठ आहे.)

"दोन, दिसत नाही."
आवाज माझाच, जरा उशिरा निघालेला.
लगेच मुश्ताक:
"एक, सरळ. साडेचार हजार.
दोन, उजवीकडे बाहेर. पाचशे खाली."
त्या आवाजात पत्रा चाचपणारं बोट होतं.
मी उजवीकडे पडले, खाली पडले,
आणि एकदम नाशिक दिसलं, सगळं,
गोदावरीसकट, इतका वेळ न बघितलेलं.

उतरल्यावर सरांनी फळ्यावर काहीच काढलं नाही.
"किती सेकंद?"
"चार."
"तीन जास्त."
वहीत लिहिलं.
मुश्ताकने माझी वही ओढली,
"सूर्यात मी नेलं. अर्धं माझ्या नावावर लिहा, डॉक्टर."
मग झाकणाखालचा चहा, कोमट,
त्याच्यावर धरलेली साय बोटाने बाजूला.

शनिवारी एक नंबर मी.
मुश्ताक माझ्या मागे, पंखाकडे बघत.
सव्वासातला ऊन निफाडच्या अंगाने येतं.
घरी जाताना गाडी दोनदा थांबवून
ते कुठवर चढतं, बघून ठेवलंय.